आई शाळेत होती की आजोळी? ३१ ऑक्टोबर १९८४ ची एक आठवण तपासताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई कराडची. इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा ती आठवीत होती. ती छातीठोकपणे सांगते की बाई डोळे पुसत वर्गात आल्या, बातमी सांगितली, सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि शाळा सुटली. मामा म्हणतात, काहीतरीच काय, दिवाळीला आपण पुण्याला आजोळी होतो आणि सकाळपासून टीव्हीसमोर बसून होतो. दोघंही मागे हटत नाहीत. यात खरं कोणाचं, आणि आईच्या आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्यात तर आता तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

मी बरीच वर्षं लोकांच्या तोंडच्या आठवणी नोंदवण्याचं काम करते. कधी संस्थेसाठी, कधी गावाच्या स्मरणिकेसाठी, कधी नुसतं एखाद्या कुटुंबासाठी. "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" हे मी जवळजवळ प्रत्येकाला विचारते, आणि त्याचं उत्तर देताना माणसं जितकी ठाम असतात तितकी स्वतःच्या लग्नाच्या तारखेबद्दलही नसतात. तेव्हा आधीच सांगते, आई खोटं बोलत नाही. पण म्हणून मामांचं सगळं बरोबर, असंही धरून चालू नका.

आधी पंचांग काढू. १९८४ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, म्हणजे भाऊबीज २६ ला. ३१ ऑक्टोबर, बुधवार, हा भाऊबीजेनंतरचा पाचवा दिवस. मराठी शाळांची दिवाळीची सुट्टी तेव्हा चांगली ऐसपैस असायची, त्यामुळे त्या बुधवारी कराडची शाळा भरलेली असण्याची शक्यता फारच कमी. एवढ्यावर मामा जिंकले असं वाटेल. थांबा जरा.

गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी साडेनऊच्या आत, सफदरजंग रोडच्या घरातून शेजारच्या कार्यालयाकडे बागेतून चालत जाताना. डॉक्टरांनी मृत घोषित केलं दुपारी २ वाजून २० मिनिटांनी. पण आकाशवाणीने निधनाची अधिकृत बातमी संध्याकाळपर्यंत दिली नाही. ज्यांच्याकडे बरा ट्रान्झिस्टर होता आणि बीबीसी लावायची सवय होती, त्यांना आधीच कळलं होतं. बाकीच्यांना कुजबुज, बंद होणारी दुकानं आणि वर्तमानपत्रांचे जादा अंक. दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी बातमी दिली ती संध्याकाळी. त्या काळात दूरदर्शन दिवसभर चालत नसे, हे आज चाळिशीच्या आतल्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. मग मामा "सकाळपासून" टीव्हीसमोर कसे बसले होते? बसले होते, पण बहुधा त्या दिवशी नाही. तीन मूर्ती भवनात पार्थिव ठेवलं होतं तेव्हाचं आणि ३ नोव्हेंबरच्या अंत्ययात्रेचं थेट प्रक्षेपण देशभर लोकांनी तासन्‌तास पाहिलं. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी आळी. मामांच्या डोळ्यांपुढे आहे तो हा दिवस, आणि त्यांनी तो उचलून ३१ तारखेला नेऊन ठेवला आहे. तुम्हाला मामांचं खरं वाटलं कारण ते शांतपणे सांगतात आणि आई चिडते. माझ्या कामात हा निकष कधीच उपयोगी पडत नाही.

आता आईचा वर्ग. बाई, डोळ्यांतलं पाणी, दोन मिनिटं उभं राहणं, शाळा सुटणं, यातलं काही तिने रचलेलं आहे असं मला वाटत नाही. मला दोन शक्यता दिसतात.

पहिली म्हणजे सुट्टी संपून शाळा भरली तो दिवस. प्रार्थनेनंतर किंवा पहिल्या तासाला श्रद्धांजली झाली असणार. बातमी तोवर सगळ्यांना ठाऊक होती, पण वर्गाने मिळून ती तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

दुसरी शक्यता तुमचं गाव कराड म्हटल्याबरोबर माझ्या मनात आली. यशवंतराव चव्हाण गेले २५ नोव्हेंबर १९८४ ला, दिल्लीत. इंदिराबाईंनंतर महिनाही झाला नव्हता. तो रविवार होता. शाळा तोवर सुरू झालेल्या. अंत्यसंस्कार कराडलाच झाले, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. त्या वेळी कराडमध्ये आठवीत असलेल्या मुलीला बाई रडताना दिसल्या, शाळा सोडून दिली, रस्त्यावर माणूस मावेना, हे सगळं त्या दोन-तीन दिवसांत अगदी सहज बसतं. पुढे चाळीस वर्षं जगाने तिला विचारलं ते इंदिरा गांधींबद्दल. टीव्हीवर दरवर्षी दाखवलं तेही तेच. यशवंतरावांबद्दल कराडबाहेर कोण विचारणार? मग वर्गातला तो प्रसंग जिथे विचारणा होते तिथे जाऊन चिकटला.

हे माझं अनुमान आहे, पण तपासता येण्याजोगं आहे. आईला सरळ "यशवंतराव होते का गं?" असं विचारू नका, तेवढ्याने उत्तर तिच्या तोंडात घातल्यासारखं होईल. त्याऐवजी विचारा, त्या दिवशी सहामाहीचे पेपर हातात मिळाले होते का? बाईंच्या हातात गठ्ठा होता का? सहामाही दिवाळीच्या आधी होते आणि पेपर सुट्टीनंतर मिळतात. विचारा, शाळा सुटल्यावर घरी कुठल्या रस्त्याने गेलीस, वाटेत काय दिसलं. कराडचा रस्ता आणि गर्दी आली तर यशवंतरावांच्या बाजूला झुकतं, पेपरचा गठ्ठा किंवा नुसतं मैदान आणि रांगा आल्या तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाच्या. बातमीबद्दल विचारलं की लोक ठरलेलं उत्तर देतात. पेपरच्या गठ्ठ्याबद्दल कोणी कधी विचारलेलं नसतं, म्हणून तिथे मूळ आठवण शिल्लक असते.

मुलाखती घेताना शाळेच्या वर्गातल्या अशा आठवणी मला इतक्या वेळा भेटतात की मी आता एक तक्ता जवळ ठेवते. नेहरू गेले २७ मे १९६४ ला, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ च्या रात्री, पुन्हा सुट्टी. इंदिरा गांधी दिवाळीत. महात्मा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी, शाळा सुटल्यावर. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलाला पंतप्रधानांच्या निधनाची बातमी खरोखर शाळेच्या दिवशी मिळाली असेल तर ती लालबहादूर शास्त्रींची, ११ जानेवारी १९६६, मंगळवार. ताश्कंदला मध्यरात्रीनंतर गेले आणि इथे सकाळी कळलं. तरीही "नेहरू गेले तेव्हा गुरुजींनी वर्गात सांगितलं" असं सांगणारी माणसं तुम्हाला गावोगाव भेटतील. त्यांच्या मनात गुरुजी खरे असतात, वर्ग खरा असतो, नेता बदललेला असतो.

मानसशास्त्रात याला फ्लॅशबल्ब मेमरी म्हणतात. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी १९७७ मध्ये हे नाव दिलं. केनेडींची हत्या ऐकली तो क्षण लोकांच्या डोक्यात फोटोसारखा छापला गेला आहे, असा त्यांचा विचार होता. फोटोचा भाग पुढे टिकला नाही. अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटल्याच्या (२८ जानेवारी १९८६) दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे आणि कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. सातपैकी गुण दिले तर ११ जणांना शून्य आणि पैकीच्या पैकी फक्त तिघांना. बऱ्याच जणांनी नंतर सांगितलं की आम्ही टीव्हीवर पाहिलं, आणि पहिल्या कागदावर मात्र तसं नव्हतं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती शेवटची: त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी जुनी आठवण परत आली नाही. अक्षर माझंच आहे म्हणाले, पण घडलं ते असं नव्हतं.

म्हणून मामांनी आईपुढे पंचांग आपटून काही होणार नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर ड्यूक विद्यापीठात जेनिफर टॅलरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या, एक हल्ल्याची आणि एक त्याच सुमाराच्या साध्या प्रसंगाची. पुढे दोन्ही सारख्याच गतीने बिघडल्या. फरक एवढाच की हल्ल्याच्या आठवणीबद्दलची खात्री तशीच राहिली. विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच घटनेचा दहा वर्षं पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की पडझड मुख्यतः पहिल्या वर्षात होते, नंतर गोष्ट घट्ट बसते, आणि चुकीची बसली असेल तर चुकीचीच घट्ट बसते. आणखी एक, जे मुलाखत घेणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावं: "कुठे होतो" यापेक्षा "तेव्हा काय वाटलं" हे जास्त बिघडतं. टीव्हीवरच्या मुलाखतींत नेमकं हेच सगळ्यात आधी विचारतात. मी ते सगळ्यात शेवटी विचारते, आणि कधी कधी विचारतही नाही.

ब्राउन आणि कुलिक यांच्या अभ्यासातला एक भाग मात्र मला आपल्याकडे रोज दिसतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी ठळक आठवण गोऱ्यांपेक्षा काळ्या लोकांत कितीतरी जास्त जणांकडे निघाली. आपल्याकडे ६ डिसेंबर १९५६ विचारून बघा. बौद्ध घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना बाबासाहेब गेल्याचं कोणी सांगितलं, चूल पेटली होती की नाही, मुंबईला जायला पैसे कुठून आणले, हे सगळं तोंडपाठ असतं. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबरला झालेली, तिला दोन महिनेही झाले नव्हते, त्यामुळे दोन्ही आठवणी एकमेकींना धरून असतात. पार्थिव दिल्लीहून विमानाने रात्री मुंबईला आलं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच गावातल्या वरच्या आळीत त्याच वयाच्या माणसाला विचारा, "वाचलं असेल पेपरात" असं उत्तर येतं. देशाची म्हणून जी शोकांतिका आपण धरतो ती प्रत्येक घरात पोचलेली नसते, आणि मुलाखतीची प्रश्नावली करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो अर्ध्या गावाला चुकीचा प्रश्न विचारतो.

३० जानेवारी १९४८ चंही तसंच. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ब्राह्मण घरांत "गांधीजी गेले तेव्हा" असं विचारलं की दिल्लीचं बिर्ला हाऊस येतच नाही. येते ती नंतरच्या दिवसांतली जाळपोळ, गोडसे ब्राह्मण म्हणून ब्राह्मणांच्या घरांवर झालेली. एका आजींनी मला आडात टाकलेल्या भांड्यांची यादी सांगितली होती: दोन हंडे, घंगाळ, पूजेची ताम्हणं, आणि घाईत चुकून टाकलेला एक शिलाई मशीनचा पाय. घर कोणी पेटवलं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून शेजारी राहतात, असं एवढंच म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. तुमच्या आईच्या बाबतीत असं काही नसेल, पण घरातल्या एखाद्या आजोबांची मुलाखत घ्याल तेव्हा लक्षात ठेवा की आठवत नाही आणि सांगायचं नाही या दोन गोष्टी रेकॉर्डिंगमध्ये सारख्याच ऐकू येतात.

बातमी ऐकणं आणि स्वतः त्यात सापडणं यांतला फरकही मोठा आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची पहाट. पुण्या-मुंबईची माणसं सांगतात, विसर्जनाहून येऊन नुकतेच आडवे झालो होतो, भांडी वाजली. तिथल्या माणसाचं बोलणं वेगळं असतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, आणि ते अंगावर आलेलं. तो किती वाजले सांगत नाही; कोण कुठल्या खोलीत निजलं होतं ते सांगतो, कारण जगलं कोण आणि गेलं कोण हे त्यावर ठरलं. अशा माणसाला मी "कुठे होतात" असं विचारतच नाही, जुन्या घराचा नकाशा कागदावर काढून द्यायला सांगते. गावं नव्या जागी वसवली गेल्यामुळे जुनं घर आता डोक्यातच उरलेलं असतं, आणि पेन्सिल हातात आली की बोलणं आपोआप सुरू होतं. तिथेही एक सरमिसळ नेहमी भेटते. १९९२ मध्ये किल्लारीला बरेच धक्के बसले होते आणि लोक घाबरून बाहेर झोपत होते. "भूकंपाच्या भीतीने आम्ही अंगणातच होतो म्हणून वाचलो" असं कोणी म्हणालं की मी ते जसंच्या तसं लिहून घेते, आणि शेजारी समासात १९९२ असं लिहून ठेवते.

तुमच्या पिढीबद्दल दोन वाक्यं, कारण तुम्हीही यातून सुटलेले नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला रात्री कुठे होतात असं विचारलं तर बरेच जण सांगतील, मॅच बघत होतो. हे पटण्यासारखं आहे. त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड सामना होता आणि आपण तो जिंकलो. सुरुवातीला गँगवॉर आहे असं वाटलं, हेही खरं, बातम्या तशाच येत होत्या. पण पुढे लोक सांगतात की सीएसटीवरचा गोळीबार त्याच रात्री लाइव्ह पाहिला. बंदूक घेऊन चालणाऱ्या कसाबचं ते छायाचित्र आणि सीसीटीव्हीची दृश्यं नंतर समोर आली आणि पुढे हजार वेळा दाखवली गेली. मनाने ती उचलून त्या रात्रीत घातली. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमच्या बेल्मरमेर वस्तीवर ४ ऑक्टोबर १९९२ ला मालवाहू विमान कोसळलं. त्याची धडक कोणीच चित्रित केलेली नव्हती, तरी नंतर विचारल्यावर निम्म्याहून जास्त लोकांनी ती टीव्हीवर पाहिल्याचं सांगितलं. त्यामानाने मामांनी तीन दिवसांचा टीव्ही एका सकाळीत कोंबला, यात विशेष काही नाही.

आता रेकॉर्डिंग. आईला एकटीला बसवा. मामा खोलीत नकोत, फोनवरही नकोत; दोघं एकत्र बसले की दहा मिनिटांत एक तिसरीच आठवण तयार होते आणि ती दोघांचीही नसते. हत्येपासून सुरू करू नका. आठवीचं वर्ष, वर्ग कुठल्या मजल्यावर, शेजारी कोण बसायचं, त्या दिवाळीला कपडे शिवले की आणले, तिथून या. ती बोलेल ते मध्ये थांबवून दुरुस्त करू नका. रेकॉर्डिंग संपल्यावर एकच विचारा, ही गोष्ट याआधी कोणाकोणाला सांगितलीस? जी गोष्ट पन्नासदा सांगितली गेली आहे ती गुळगुळीत झालेली असते, तिच्यात अडखळणं उरत नाही. आईने कुठे अडखळून "नाही, थांब, तेव्हा बाबा..." असं म्हटलं तर ती जागा नीट लिहून ठेवा.

मग कागद शोधा. शाळा सोडल्याचा दाखला काढला तर १९८४-८५ मध्ये ती कोणत्या शाळेत होती हे पक्कं होईल; आठवीत की सातवीत, इथेही लोक एका वर्षाने सरकतात. आजोळी जुनी कालनिर्णय ठेवलेली असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं बघा. दुधाचा हिशेब ज्या घरात कालनिर्णयवर लिहितात तिथे पाहुणे आल्यावर अर्धा लिटर वाढलेलं दिसतं, आणि कोणत्या तारखेला पुन्हा कमी झालं तेही दिसतं. आई आणि मामा त्या बुधवारी पुण्यात होते की नाही याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही. कराडच्या जुन्या वाचनालयात त्या नोव्हेंबरच्या वर्तमानपत्रांच्या फायली मिळाल्या तर स्थानिक पान वाचा, शाळांच्या शोकसभांच्या दोन ओळी त्यात असू शकतात.

सगळं जुळवून झालं की दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आईने सांगितलं ते तिच्या शब्दांत, एक अक्षरही न बदलता. आणि तुमची टीप वेगळ्या पानावर, तुमच्या नावाने, तारखेसह. ती टीप आईला दाखवायची की नाही हे तुम्ही ठरवा. दाखवलीत तर यशवंतरावांच्या अंत्ययात्रेबद्दल वेगळं रेकॉर्डिंग करण्याच्या निमित्ताने दाखवा, वाद मिटवायला नको. आणि मामांना फोन कराल तो आईचं रेकॉर्डिंग पूर्ण झाल्यावरच करा. त्यांनाही टीव्हीबद्दल विचारू नका, टीव्ही ज्या खोलीत होता तिच्याबद्दल विचारा.